खुणेने मोडलेल्या तहाची हकीकत

॥ श्री ॥

श्रीगजानन, ज्याचे कान मोठे आणि ज्याने ऐकलेले कधी बाहेर गेले नाही, त्यास आधी दंडवत. मग शारदेस, मग ज्याच्या शिक्क्याने साध्या कागदास वजन येते त्या न्यायासनास. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, तळमजल्याच्या राज्यात एक तह मोडला आणि राज्यकर्तीने त्याचा जाब घेतला, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. गावाचे नाव लिहिले नाही. का लिहिले नाही, ते शेवटास कळेल.

तरी राज्य कैसे म्हणाल, तर तळमजल्याच्या तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात एक पेरूचे झाड आणि झाडास टायरचा झोका. राज्यकर्ती कुमुदिनीबाई टेंबे, वय सत्तावन्न, पती अनंतराव चार वर्षांमागे कैलासवासी जाहलेले. आणि प्रजा म्हणाल तर बावीस सरदार, वय दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत, एकाहून एक हट्टी. व्यवहारात या राज्यास पाळणाघर म्हणत. सकाळी साडेआठास सरदारांच्या स्वाऱ्या येऊ लागत, कोणी आईच्या कडेवर, कोणी बापाच्या स्कूटरवर पुढे उभे, कोणी रडत आणि कोणी आईस रडवीत, आणि बाई दारात उभ्या राहून एकेकास उतरवून घेत, आणि मग आया कचेरीस रवाना होत, आणि मग बाराच्या सुमारास वरणभाताची रसद फिरे, आणि मग सतरंज्या अंथरून सर्व फौज झोपी जाई. एखादा सरदार झोपेस नकार देई, त्यास बाई मांडीवर घेऊन पाठ थोपटीत, आणि तोही शरण येई. ऐसा वीस वर्षे कारभार चालिला. बाईंच्या हाताखालून गेलेली पोरे आता मिशा फुटून नमस्कारास येत, आणि बाई त्यांस आधी हात धुवावयास लावीत.

आता या राज्याच्या माथ्यावर दुसरे राज्य होते, ते वरचा मजला. तेथे बाईंचे धाकटे दीर वामनराव राहत. निवृत्त, एकटे, दुपारच्या झोपेचे मोठे भोक्ते. अनंतराव गेल्याला वर्ष पुरे झाले नाही तोच वामनरावांनी सगळ्या घरावर हक्क सांगितला, आणि बाई ऐकेनात म्हणोन एक जुनी फाईल बाहेर काढिली. त्या फायलीत काय होते, ते या बखरीत लिहिण्यास बाईंची परवानगी आहे, म्हणोन लिहितो. अठ्ठावीस वर्षांमागे बाईंस कन्या जाहली आणि तिसऱ्या दिवशी गेली. त्या दुःखाने बाईंचे मन ढासळले. अन्न सुटले, झोप सुटली, रिकामा पाळणा हलवीत बसू लागल्या. अनंतरावांनी त्यांस मोठ्या शहरातील मनोरुग्णालयात नेले, तेथे बाई पाच महिने राहिल्या आणि बऱ्या होऊन परत आल्या. वामनराव म्हणाले, "वहिनी, हे कोर्टात आलं तर तुमच्याकडे पोरं कोण ठेवील?" परंतु बाईंपाशीही वामनरावांची एक गोष्ट होती, अनंतरावांनी जाण्याआधी सांगितलेली, आणि ती बाहेर आली असती तर वामनरावांस गावात मान वर करून चालता आले नसते.

मग प्रकरण कोर्टात गेले, आणि कोर्टाने मध्यस्थी केंद्रात धाडिले, आणि तेथे एका गोल मेजाभोवती तीन बैठका होऊन तह ठरला. तळमजला व अंगण बाईंचे, वरचा मजला व गच्ची वामनरावांची. फाईल बाईंच्या स्वाधीन. कलम चौथे ऐसे की, वामनरावांनी बाईंच्या आजाराविषयी कोणासही काही सांगू नये. कलम पाचवे ऐसे की, बाईंनी वामनरावांच्या त्या गोष्टीविषयी कोणासही काही सांगू नये. मध्यस्थ साहेबांनी लिहिले, "तोंडी अथवा लेखी." बाई म्हणाल्या, "अथवा खुणेने, हेही घाला. दोघांनाही."

साहेब हसले. "बाई, खुणेचं कलम कशाला? असं कुणी लिहीत नाही."

बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडे लिहीत नसतील. आमच्या घरात सोमवार असायचा."

या बोलण्याचा अर्थ ऐसा. टेंबे घराण्यात थोरले तात्यासाहेब, म्हणजे बाईंचे सासरे, दर सोमवारी उजाडल्यापासून रात्रीचे पान वाढेपर्यंत मौन पाळीत. मौन पाळीत, परंतु कारभार सोडीत नसत. अंगठ्यावर बोट चोळले म्हणजे मीठ. वळलेल्या मुठी एकमेकींवर फिरवल्या म्हणजे ताक. खांद्यावर दोन बोटे टेकली म्हणजे पोस्टमन आला काय. कानाची पाळी धरली म्हणजे धाकट्या चिरंजीवास शिक्षा. सगळे घर ही भाषा वाची, आणि नवी सून आली की सहा महिन्यांत तीही वाचू लागे. आणि सोमवारी रात्री कोणी तक्रार करावी की तात्या, आज तुम्ही मला फार बोललात, तर तात्या म्हणत, "मी? मी तर आज तोंडातून शब्द काढला नाही." आणि ते खोटे बोलत नसत, त्यांस खरेच तैसे वाटे. त्यांच्या मांडीवर वाढलेल्या वामनरावांच्या मनात ही समजूत पक्की बसली होती की, जे हाताने सांगितले ते सांगितलेच नाही. बाईंनी ही खोड ओळखून कलमात तीन अक्षरे वाढविली. वामनरावांनी सही केली, कोर्टाने तो तह आपल्या हुकूमनाम्यात घेतला, आणि तीन वर्षे स्वस्थतेत गेली.

मग आषाढ मासी विपरीत घडू लागले. एका आईने निरोप धाडिला की सासूबाई राहावयास आल्या, उद्यापासून मूल येणार नाही. दुसरी म्हणाली, बदली जाहली. तिसरीने कारणच दिले नाही, डबा आणि चादर घेऊन खाली मान घालून गेली. पंधरवड्यात सात सरदार गेले. बाईंस उमजेना. वरणात चूक जाहली काय, कोणी पडले काय, आपण कोणास उंच आवाजात बोललो काय, ऐसे त्या भिंतीशी बसून आठवू लागल्या.

मग एके दिवशी जेवणाच्या पंगतीत इरा नावाची सरदारीण, वय साडेतीन, हिने चमचा खाली ठेविला आणि बोट खाली दाखविले, मग तेच बोट कानशिलापाशी गोल फिरविले, मग पंजा उघडून पाच बोटे दाखविली, आणि मग दोन्ही मुठींनी हवेत गज धरिल्यासारखे केले. ते पाहून शेजारच्याने केले, आणि त्याचे पाहून सगळ्या पंगतीने केले, आणि पंधरा पोरे हसत हसत कानशिलापाशी बोटे फिरवू लागली.

बाईंनी विचारिले, "इरा, हे काय गं राणी?"

"वरचे आजोबा करतात," इरा म्हणाली. "आई दारात आली की करतात. मग आई गप्प होते."

बाईंस दुभाषा नको होता. त्यांनी ते वाक्य सरळ वाचिले. खालची, वेडी, पाच महिने, गजाआड. अठ्ठावीस वर्षे ज्या दिवसांविषयी त्यांनी आपल्या आईपाशीही शब्द काढिला नव्हता, ते दिवस आता वरणभातासंगे पोरांच्या हातात खेळत होते. डोळे भरून आले, परंतु पंगत उठायची होती. बाईंनी सगळ्यांस ताक वाढिले, तोंडे पुसली, निजविले, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून पोटभर रडल्या. आणि मग तोंड धुवून कपाटातला हुकूमनामा काढून कलम चौथे वाचिले. तीन अक्षरे जागच्या जागी होती.

इतक्यात इराची आई सायली मुलीस न्यावयास आली. बाईंनी तिला विचारिले, तेव्हा तिने कबूल केले की दोन आठवडे पाहते आहे, वेडाची खूण आणि गज तर कोणासही कळतात, परंतु काय करावे ते कळत नाही. "आजी, खरं काय ते मला सांगाल?"

बाई म्हणाल्या, "सांगेन. पण ज्यानं सांगायचं नव्हतं त्याला आधी जाब विचारू दे. तोवर इराला ठेव किंवा ने. तुझ्यावर रुसणार नाही." सायलीने मुलगी ठेविली, आणि जे पाहिले ते कोर्टात सांगेन ऐसे म्हणाली.

धाकटी बहीण उषाताई हे ऐकून रिक्षा करून आली, आणि चपला न काढताच बोलू लागली. "ताई, त्याचंही आहे ना तुझ्याकडे? सांग चार माणसांत. संध्याकाळच्या आत गप्प बसतो की नाही बघ."

"बरं वाटेल गं मला," बाई म्हणाल्या. "एक दिवस."

"मग?"

"मग मीही तह मोडलेली. दोघं सारखेच झालो. मला त्याच्यासारखं नाही व्हायचं, उषे. मला त्याला हरवायचंय." आणि हे बोलताना बाईंचा आवाज चढला नाही, म्हणोन उषाताईने चपला काढिल्या आणि चहा टाकिला.

दुसरे दिवशी बाईंची स्वारी सरोज तांदळे वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंनी कागद दोनदा वाचून पहिला प्रश्न ऐसा केला की, "पाचव्या कलमातलं तुम्ही कुणाला काही बोललात?"

"नाही."

"बहिणीला?"

"ती कोर्टात माझ्याबरोबर यायची. असं कलम आहे एवढंच तिला ठाऊक. आत काय, ते नाही."

"खुणेनं?"

"वकीलबाई, मी त्या घरातली सून आहे. असा विषय निघाला की मी हात पदराखाली ठेवून बसते."

वकीलबाई खुर्चीत सरसावून बसल्या. "मग आपली बाजू भक्कम आहे. नवा दावा लावायचाच नाही. हा तह हुकूमनाम्यात गेलाय, म्हणजे त्यांनी नुसता तुम्हाला दिलेला शब्द नाही, कोर्टाचा हुकूम मोडलाय. आधी नोटीस देऊ. नाही ऐकलं तर हुकुमाच्या अंमलबजावणीची दरखास्त. आणि सुनावणी बंद दालनात मागू, नाहीतर झाकायला गेलो आणि आपणच गावभर केलं असं व्हायचं. एक मात्र सांगते. सांगितलेलं कुणाच्या डोक्यातून कोर्ट काढून घेऊ शकत नाही. पुढचं थांबवू शकतं."

"पुढचं थांबवा," बाई म्हणाल्या. "मागचं माझं मी बघते."

मग नोटीस निघाली. तळमजल्यापासून वरच्या मजल्यास सतरा पायऱ्या, परंतु नोटीस रजिस्टर पोस्टाने गावभर हिंडून तिसऱ्या दिवशी वर पोचली. तिचे उत्तर आले ते ऐसे की, आमचे अशील एक शब्दही बोललेले नाहीत, अशिलास मानेचे दुखणे असून डॉक्टरांनी हातांचा व्यायाम सांगितला आहे, तो ते हवेशीर म्हणोन पुढच्या गॅलरीत करितात. त्याच दिवशी जिन्यात दोघांची गाठ पडली, आणि वामनराव म्हणाले, "वहिनी, देवाशपथ सांगा, मी एक शब्द तरी बोललो का? आणि तुम्ही तरी या वयात किती दिवस पोरं सांभाळणार? उषाताईंकडे सुखानं राहा. घर मी बघतो."

तेव्हा बाईंस कळले की पोरे गेली की राज्य जाते, आणि राज्य गेले की तळमजला मोकळा होतो, यासाठी हा सगळा व्यायाम. बाई म्हणाल्या, "नाही बोललात, भावजी. काय केलंत ते कोर्टात सांगा." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

कार्तिक मासी दरखास्त दाखल जाहली आणि माघात सुनावणी उभी राहिली. बंद दालनातले वर्तमान बाईंनी आपल्या भागापुरते सांगितले, तेवढेच येथे लिहितो. आधी सायलीने जे पाहिले ते सांगितले. मग वामनरावांच्या वकिलाने बाईंस विचारिले की, तुम्ही तरी पाचवे कलम पाळले काय? बाई म्हणाल्या, "पाळलं. खुणेनंही मोडलं नाही." तेव्हा न्यायाधीश साहेबांनी वामनरावांकडे पाहिले, आणि वामनरावांनी मान खाली घातली, कारण ते खरे आहे हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते?

मग वामनराव पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले की, हातवारे निव्वळ व्यायामाचे, त्यांत अर्थ काही नाही. आता येथे बाईंनी आधीच तात्यांच्या खुणांची एक चिठ्ठी वकीलबाईंच्या हाती दिली होती, आणि वकीलबाईंनी घरी आरशापुढे तिची तालीम केली होती. वकीलबाईंनी अंगठ्यावर बोट चोळिले आणि विचारिले, "वामनराव, तुमच्या वडिलांच्या सोमवारी याचा अर्थ काय?"

"मीठ," वामनराव म्हणाले.

"आणि हे?"

"ताक."

"आणि हे?"

"पोस्टमन आला का." आणि ऐसे म्हणताना वामनरावांचा चेहरा खुलला. तात्या गेले, अनंतराव गेले, आणि कित्येक वर्षांत कोणी त्यांच्याशी या भाषेत बोलले नव्हते. बाईंस ते दिसले. ही भाषा वाचणारी आता पृथ्वीवर दोनच माणसे उरली, आणि ती दोन्ही एका दालनात एकमेकांविरुद्ध उभी. क्षणभर बाईंस वाटले की पुरे करावे. मग त्यांस पंगतीत फिरणारी पंधरा बोटे आठवली, आणि त्यांनी वकीलबाईंकडे पाहून मान हलविली.

वकीलबाईंनी बोट खाली दाखविले, कानशिलापाशी फिरविले, पंजा उघडिला आणि मुठी आवळिल्या.

"खालची, वेडी, पाच महिने, गजा..." आणि वामनराव थांबले.

न्यायाधीश साहेबांनी लेखणी खाली ठेविली. "वाक्य पुरं करा."

"गजाआड," वामनराव म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "पण साहेब, मी हे आत्ता बोललो. तेव्हा बोललो नव्हतो."

साहेब म्हणाले, "कलम चौथं मोठ्यानं वाचा." वामनरावांनी "तोंडी, लेखी अथवा खुणेने" येथपर्यंत वाचिले आणि कागद खाली ठेविला. मग त्यांच्या वकिलाने उठून विनंती केली की, अशील चुकले, अशील सर्व आयांस पत्र लिहून देतील की त्या खुणांत तथ्य काही नव्हते, एवढ्यावर मिटवावे. तेव्हा बाई उभ्या राहिल्या.

"नको, साहेब. ते खोटं होईल. मी होते तिथं पाच महिने. त्यांनी सांगायचं नव्हतं, एवढीच माझी तक्रार आहे."

"मग तुम्हाला काय हवंय?"

"माझं मला परत हवंय. सांगायचं का, कुणाला, कधी, ते माझ्या हातात."

मग साहेबांनी हुकूम केला की, वामनरावांनी कोर्टास लेखी हमी द्यावी. मुले येण्याच्या व जाण्याच्या वेळी पुढच्या गॅलरीत उभे राहू नये, व्यायाम गच्चीवर करावा. आणि पुन्हा तोंडी, लेखी अथवा खुणेने कलम मोडल्यास वरच्या मजल्यावर जप्ती आणि तीन महिने दिवाणी तुरुंग. वामनरावांनी सही केली, आणि या खेपेस सही करण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचिला.

आता येथे राज्याचा विजय जाहला ऐसे कोणी म्हणेल, परंतु बाईंचे काम अर्धेच जाहले होते. त्यांनी शनिवारी दुपारी सर्व आयांस बोलाविले, गेलेल्या सातांसही बोलाविले. सातांपैकी पाच आल्या. बाई सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांपूर्वी मला मुलगी झाली. तीन दिवस होती. तिचं नावही ठेवलं नव्हतं. मग माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पाच महिने दवाखान्यात होते. बरी झाले. अजून एक गोळी घेते, डॉक्टरांना दर सहा महिन्यांनी दाखवते, कागद कपाटात आहेत, बघायचे त्यांनी बघावेत. वीस वर्षं तुमची पोरं सांभाळली ती हीच बाई. कुणाला न्यायची असतील तर न्या, माझा राग नाही. पण ऐकायचं ते माझ्या तोंडून ऐका." मग सायलीने डोळे पुसले, आणि एका आईने, जी खाली मान घालून गेली होती तिने, पिशवीतून चादर काढून कोपऱ्यात आपल्या मुलाच्या जागी ठेविली. सातांतील चार परत आल्या. तीन आल्या नाहीत, आणि बाईंनी ते सोसले.

मग एकीने हळूच पुसले, "आजी, कागदात त्यांचंही काही होतं म्हणतात. काय होतं हो?" सगळ्या पुढे झुकल्या. वरच्या गॅलरीत खुर्ची करकरली, म्हणजे वरही कोणी कान लावून बसले होते.

बाई म्हणाल्या, "ते त्यांचं आहे."

पोरांच्या बोटांचा मात्र बंदोबस्त राहिला होता. पोरांस नको म्हटले की ती दुप्पट करितात, हे बाई वीस वर्षांत शिकल्या होत्या. म्हणोन त्यांनी सोमवारच्या पंगतीस नवा खेळ काढिला. मीठ असे मागायचे, ताक असे मागायचे, तोंडाने मागेल त्यास शेवटी मिळेल. आठवडाभरात जुनी खूण सगळी विसरली. एका सोमवारी वामनराव बाजारातून परत येत असता खिडकीतून त्यांनी पाहिले की एकोणीस पोरे मुठी घुसळून ताक मागताहेत, अगदी तात्यांसारखी. ते पिशवी धरून कितीतरी वेळ तेथेच उभे राहिले. बाईंनी पाहिले, आणि एक भांडे ताक खिडकीतून पुढे केले. त्यांनी ते घेतले, प्याले, भांडे कठड्यावर ठेविले आणि जिना चढून गेले.

येणेप्रमाणे तह मोडला, त्याचा जाब घेतला, आणि तळमजल्याचे राज्य एकोणीस सरदारांनिशी राहिले. पाचवे कलम अद्याप अबाधित आहे, आणि गाव कळले तर कोणी ती गोष्ट खणून काढील, म्हणोन गावाचे नाव लिहिले नाही. वामनरावांची ती गोष्ट कोणती, ते बखरीत शोधू नये, येथे नाही. लिहिणाराने एकदा, बखर पुरी होत आली तेव्हा, बाईंस एकांती विचारून पाहिले. बाईंनी ऐकिले, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. लेखनसीमा.